लॅटिनो पात्रं नका मोजू, त्यांच्या भोवतीची माणसं मोजा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: माइल्स मोरालेस (नवा स्पायडर-मॅन), ब्लू बीटल, अमेरिका चावेझ अशी लॅटिनो, म्हणजे मूळ लॅटिन अमेरिकेतल्या घरांतली, पात्रं गेल्या वीसेक वर्षांत अमेरिकन कॉमिक्समध्ये बरीच आली, तर त्यावरून ‘चित्रण सुधारलं’ असं एम.ए.च्या प्रकल्पात लिहिलं तर चालेल का? आणि चालणार नसेल, तर मोजायचं काय?

मी पुण्यात बसून अमेरिकन कॉमिक्सचं लेटरिंग करतो. म्हणजे चित्रं तयार झाली की स्क्रिप्ट समोर ठेवून संवादाचे बलून आणि कॅप्शन पानावर बसवायचे. त्याआधी काही वर्षं रंगकाम केलं. कोण बोलतं, कुठल्या भाषेत बोलतं, कोणाकडे तोंड करून बोलतं, यावर दिवसभर नजर ठेवण्याचं हे काम आहे. उत्तर त्याच अनुभवातून देतोय.

नुसत्या संख्येवरून तसं लिहू नका. एका लॅटिनो पात्राभोवती त्याची स्वतःची किती माणसं पानावर आहेत, ती एकमेकांशी बोलतात का, भांडतात का, हे बघा. माझ्या मते चांगलं आणि वाईट चित्रण इथेच वेगळं होतं. पात्र एकटं असलं की अख्खा समाज त्याच्या पाठीवर येऊन बसतो. मग लेखकाला त्याच्याकडून सगळंच वदवून घ्यायचं असतं: भाषा, खाणं, धर्म, गरिबी, अभिमान. त्याची आई, मामा आणि गल्लीतला नावडता पोरगा बाजूला उभा करा, की हे ओझं आपोआप वाटलं जातं.

आणि हा समाज म्हणजे तरी कोण? २०२० च्या जनगणनेत अमेरिकेतल्या ६ कोटी २१ लाख लोकांनी स्वतःची नोंद हिस्पॅनिक किंवा लॅटिनो अशी केली, एकूण लोकसंख्येच्या १८.७ टक्के. त्यात टेक्सासमध्ये पिढ्यान्‌पिढ्या राहणारे मेक्सिकन वंशाचे लोक आहेत, १९१७ पासून अमेरिकेचे नागरिक असलेले पोर्तो रिकन आहेत, क्यूबन, डॉमिनिकन, साल्वादोरन आहेत. ब्राझीलचा माणूस लॅटिनो म्हणवला जातो, पण बोलतो पोर्तुगीज. २०२३ मध्ये ‘मार्व्हल्स स्पायडर-मॅन २’ हा व्हिडिओ गेम आला. त्यात माइल्सच्या घरात पोर्तो रिकोच्या झेंड्याऐवजी क्यूबाचा झेंडा लागला होता. दोन्ही झेंड्यांचा आराखडा एकच, रंग उलटे: पोर्तो रिकोचे पट्टे लाल आणि त्रिकोण निळा, क्यूबाचे पट्टे निळे आणि त्रिकोण लाल. खेळणाऱ्यांनी लगेच बोट ठेवलं, कंपनीने माफी मागितली आणि झेंडा बदलला. चूक छोटी, पण ज्याच्या घरात तो झेंडा खरोखर लावलेला असतो असा एक माणूस जरी वेळेत त्या चित्रासमोर उभा राहिला असता तरी ती झाली नसती.

एकट्या पात्राचं काय होतं हे बघायचं तर व्हाइबपासून सुरुवात करा. डीसी या कॉमिक्स कंपनीने १९८४ मध्ये जस्टिस लीग या सुपरहिरोंच्या टीममधली जुनी मंडळी बाजूला सारून डेट्रॉइटमध्ये नवी टीम उभी केली. लेखक जेरी कॉनवे, चित्रकार चक पॅटन. त्यात पाको रामोन ऊर्फ व्हाइब हा पोर्तो रिकन तरुण आला: रस्त्यावरच्या टोळीचा म्होरक्या, ब्रेकडान्स करणारा, आणि त्याचं प्रत्येक इंग्रजी वाक्य उच्चाराप्रमाणे मोडून लिहिलेलं. त्या बलूनमधलं स्पेलिंग सारखं वाचकाला सांगत राहतं की हा माणूस नीट बोलत नाही. टीममधल्या बाकीच्यांचे उच्चार मात्र कोणी असे मोजून मापून लिहीत नाही. १९८७ मध्ये त्याला मारून टाकलं. हिंदी सिनेमातला मराठी हवालदार आणि ‘बाई’ आठवा: दोन ओळींचा संवाद, एक ठरावीक हेल, घर नाही, दार नाही. ते बघताना आपल्याला जे बोचतं तेच पोर्तो रिकन वाचकांना व्हाइब वाचताना बोचलं. त्यांच्यातला सर्वांत नावाजलेला माणूस म्हणजे चित्रकार जॉर्ज पेरेझ, साउथ ब्राँक्समध्ये पोर्तो रिकन आईवडिलांच्या पोटी जन्मलेला. त्याने या पात्रावरची आपली नाराजी उघडपणे बोलून दाखवली.

पेरेझचं मत इथे वजनदार आहे, कारण त्याने स्वतः दहा वर्षं आधी वेगळा प्रयत्न केला होता. लेखक बिल मँटलो आणि पेरेझ यांनी डिसेंबर १९७५ च्या अंकात, मार्व्हल या दुसऱ्या मोठ्या कंपनीच्या ‘द डेडली हँड्स ऑफ कुंग फू’ या मासिकात, व्हाइट टायगर आणला. हेक्टर अयाला, साउथ ब्राँक्सचा पोर्तो रिकन विद्यार्थी. मार्व्हलचा पहिला लॅटिनो नायक म्हणून त्याचंच नाव घेतात. तेव्हा कुंग फूची लाट होती, म्हणून शक्ती मिळाली ती वाघाच्या आकाराच्या जेडच्या ताइतांतून; पोर्तो रिकोशी तिचा काही संबंध नाही. पण हेक्टरला घर होतं, घरची माणसं होती, आणि पेरेझला ती गल्ली जन्मापासून माहीत होती. पुढे इतर लेखकांच्या हाती काय झालं ते बघा: आधी खलनायकाने त्याच्या घरच्यांना ठार केलं. मग २००३ मध्ये ‘डेअरडेव्हिल’च्या एका कथेत, न केलेल्या खुनासाठी त्याच्यावर खटला चालला, ज्यूरीने दोषी ठरवलं, तो कोर्टातून पळाला आणि पोलिसांच्या गोळीला बळी पडला. निर्दोषत्वाचा पुरावा मागाहून आला. कथा म्हणून ती ताकदीची आहे, हे मी मान्य करतो. पण आधी घर उठवायचं, मग माणूस, हा क्रम मला अजूनही खटकतो. तुमच्या प्रकल्पात हा क्रम तपासाच, कारण तो पुन्हा पुन्हा भेटतो.

माइल्स मोरालेसच घ्या. ऑगस्ट २०११ मध्ये ब्रायन मायकेल बेंडिस आणि इटालियन चित्रकार सारा पिकेली यांनी त्याला आणलं. वडील जेफरसन डेव्हिस कृष्णवर्णीय, आई रिओ मोरालेस पोर्तो रिकन, घर ब्रुकलिनमध्ये, आडनाव आईचं. सगळी मांडणी उत्तम. आणि २०१३ मध्ये व्हेनम या खलनायकाच्या कथेत रिओ मरते. त्यानंतरचे अंक काढून वाचा. माइल्स तोच आहे, आडनाव तेच आहे, पण पोर्तो रिको पानावरून जवळजवळ उठून गेलं, कारण ते त्याच्या आयुष्यात फक्त आईच्या रूपाने होतं. २०१५-१६ च्या ‘सीक्रेट वॉर्स’ या मार्व्हलच्या मोठ्या कथेनंतर रिओ परत आली. माइल्सने मॉलिक्यूल मॅन नावाच्या अफाट ताकदीच्या माणसाला खिशातलं शिळं हॅम्बर्गर खायला दिलं होतं, त्याची परतफेड म्हणून ती जिवंत झाली. सुपरहिरो कॉमिक्समध्ये हे चालतं. पण रिओ परतल्यावर माइल्सच्या घराला पुन्हा आवाज आला. २०१८ च्या ऑस्करविजेत्या अॅनिमेशनपटात ती सुरुवातीपासून आहे. मायलेक स्पॅनिश बोलतात, गल्लीतली पोरं स्पॅनिश बोलतात आणि खाली भाषांतर येत नाही. ज्याला कळत नाही त्याने हावभावांवरून समजून घ्यावं, एवढा विश्वास त्या सिनेमाने प्रेक्षकावर टाकला.

भाषेचा विषय निघालाच आहे तर माझ्या टेबलावरची गोष्ट सांगतो. अमेरिकन कॉमिक्सची जुनी रीत अशी की परक्या भाषेतला संवाद इंग्रजीतच लिहायचा, पण कोनी कंसात घालायचा, आणि तळाशी तारांकित टीप द्यायची: स्पॅनिशमधून भाषांतरित. एका प्रकाशकाचं पान माझ्याकडे आलं होतं. स्वयंपाकघर, आजी ओट्याशी, नातू दारात. आजी त्याला दटावते, तो उलट उत्तर देतो. स्क्रिप्टमध्ये आजीचं प्रत्येक वाक्य कोनी कंसात होतं, नातवाचं साधं. वाचल्यावर लक्षात आलं की दोघं एकाच भाषेत बोलताहेत. आजीला इंग्रजी येत नाही हे दोन पानं आधीच सांगितलं होतं. म्हणजे भाषा एक, पण परकी फक्त म्हातारी ठरली, कारण नायक वाचकाला जवळचा वाटायला हवा होता. मी संपादकांना लिहिलं. त्यांनी लेखकाला विचारलं, आणि सगळे कंस काढून पहिल्या चौकटीत वर एक छोटं कॅप्शन घालायचं ठरलं. बदल पाच मिनिटांचा. पण त्यानंतर ते स्वयंपाकघर त्या दोघांचं झालं, वाचक तिथे पाहुणा.

दुसरी खूण तुम्हाला कुठल्याही अंकात सापडेल. पात्र ‘हो’, ‘मित्रा’, ‘देवा रे’ एवढंच स्पॅनिशमध्ये म्हणतं आणि बॉम्ब कसा निकामी करायचा ते अस्खलित इंग्रजीत समजावतं. दोन भाषांत वाढलेला माणूस असा बोलत नाही. तो समोर कोण आहे बघून भाषा बदलतो. शाळेत एक, आईशी दुसरी, भावाशी दोन्हींची खिचडी, आणि रागात जी पहिली तोंडात येईल ती. संवादात स्पॅनिश शब्द किती आहेत यापेक्षा ते कोणाशी बोलताना आले हे पाहिलं की लेखकाला घर माहीत आहे की नाही ते कळतं. बरं, कॉमिक्सचे संवाद कॅपिटल अक्षरांत असतात. एनवरची लाटेसारखी खूण वरच्या ओळीला टेकते, म्हणून कित्येकदा गाळली जाते. वर्षाला जो स्पॅनिश शब्द आहे, त्यातली ही खूण गेली की तो गुदद्वाराचा शब्द होतो. असं पान छापून आलं की मला फार वाईट वाटतं, कारण ओळींमधलं अंतर थोडं वाढवलं असतं तर काम झालं असतं.

आता ज्यांच्यासाठी मी हे उत्तर लिहायला बसलो ते हर्नांडेझ बंधू. तुमच्या यादीत ते दिसले नाहीत, बहुधा ते सुपरहिरो लिहीत नाहीत म्हणून. पण लॅटिनो चित्रणावर लिहायचं आणि ‘लव्ह अँड रॉकेट्स’ वगळायचं हे शक्य नाही. कॅलिफोर्नियातलं ऑक्सनार्ड हे शेतीवर जगणारं गाव, तिथली मेक्सिकन-अमेरिकन वस्ती, घरात आईपासून सगळे कॉमिक्सचे वाचक. गिल्बर्ट, हायमे आणि मारिओ या भावांनी १९८१ मध्ये पहिला अंक स्वतःच्या पैशांनी छापला. १९८२ पासून फँटाग्राफिक्सने तो प्रकाशित करायला घेतला. त्यातली दोन जगं आजवर चालू आहेत.

हायमेचं जग हॉपर्स, ऑक्सनार्डवरून बेतलेली वस्ती. नायिका मॅगी चास्कारियो, गाड्या दुरुस्त करणारी मेकॅनिक, आणि तिची मैत्रीण, कधी प्रेयसी, होपी. दोघी पंक संगीताच्या नादात. सुरुवातीच्या कथांत रॉकेट आणि डायनोसॉर होते, ते लवकरच मागे पडले आणि गल्ली उरली. आणि या माणसांचं वय वाढतं. मॅगी जाड होते, लग्न करते, मोडते, चाळिशी ओलांडते. चाळीस वर्षांत सुपरमॅनला एक सुरकुती पडली नाही, पण मॅगी तिच्या वाचकांबरोबर म्हातारी होत चालली आहे. ‘द डेथ ऑफ स्पीडी’ ही त्यातली कथा आधी वाचा. दोन वस्त्यांच्या टोळ्यांचं वैर, त्यात अडकलेला एक देखणा, हट्टी पोरगा. टोळी म्हटली की अमेरिकन कॉमिक्सवाला चाकू आणि पिस्तूल काढतो. हायमे तो मृत्यू चित्रात दाखवतच नाही. तो दाखवतो कोण कोणावर रुसलंय, कोणाची बहीण कोणाच्या प्रेमात आहे, दाराच्या पायरीवर बसून कोण रात्र काढतंय. स्पीडी गेल्यावर जी जागा रिकामी होते ती आपल्याला जाणवते, कारण तिच्या चारही बाजूंना माणसं आहेत. चित्रं काळी-पांढरी, काळ्याचे मोठे सपाट तुकडे, एकही रेघ जास्तीची नाही.

गिल्बर्टचं जग पालोमार. सीमेच्या दक्षिणेला कुठेतरी असलेलं, फोन नसलेलं एक काल्पनिक गाव. डीसी-मार्व्हलने असले काल्पनिक लॅटिन देश कितीतरी निर्माण केले. बेन हा बॅटमॅनचा शत्रू ज्या सांता प्रिस्कामधून आला तिथे आपल्याला तुरुंग, अमली पदार्थ आणि लष्कर सोडून फारसं काही दिसत नाही. तिथे कोणी सकाळी दाढी करत असेल असं वाटत नाही. पालोमारमध्ये मात्र आपण थेट घराघरांत शिरतो. चेलो आधी सुईण आणि लोकांना आंघोळ घालण्याचा धंदा करणारी बाई, पुढे गावची शेरीफ. लुबा त्याच धंद्यात तिची स्पर्धक, हातात सतत हातोडा. तोनांत्सिन तळलेल्या गोगलगाई विकते आणि सिनेमाची स्वप्नं बघते. इथे सगळे स्पॅनिश बोलतात हे गृहीतच आहे, त्यामुळे शोभेचे स्पॅनिश शब्द पेरायची गरजच पडत नाही.

१९८५ च्या सुमाराची ‘अॅन अमेरिकन इन पालोमार’ ही कथा तुमच्या प्रकल्पासाठी सोन्यासारखी आहे. हॉवर्ड मिलर नावाचा अमेरिकन छायाचित्रकार गावात येतो. त्याला लॅटिन अमेरिकेतल्या दारिद्र्याचं पारितोषिकं मिळवणारं पुस्तक करायचंय. म्हणून तो गावातल्या त्याच चेहऱ्यांच्या, त्याच भिंतींच्या मागे लागतो ज्या त्याच्या कल्पनेत बसतात. तोनांत्सिनला वाटतं हा आपल्याला हॉलिवूडला नेईल. तो तिला तसं वाटू देतो. मिलरच्या कॅमेऱ्यात काय आलं आणि कॅमेऱ्याबाहेर काय राहिलं, हे गिल्बर्ट एकाच वेळी दाखवत राहतो. फोटोत दीनवाणी दिसेल ती बाई पुढच्या चौकटीत शेजारणीशी वाद घालत असते. गावकऱ्यांना तो काय करतोय हे कळतं आणि ते त्यावर आपापसांत बोलतात, प्रत्येक जण वेगळं. प्रतिनिधित्वावर मी जेवढं सैद्धांतिक वाचलं त्यापेक्षा या कथेतून मला जास्त मिळालं. पुढे ‘ह्यूमन डायास्ट्रॉफिझम’मध्ये तोनांत्सिनचं काय होतं ते मी इथे सांगत नाही, कारण ते आधी कळलेलं असता कामा नये.

हे दोन भाऊ लॅटिनो होते म्हणून हे जमलं, असा सरळ निष्कर्ष काढू नका. तो अर्धाच खरा आहे. ब्लू बीटल हायमे रेयेस हे पात्र २००६ मध्ये कीथ गिफन, जॉन रॉजर्स आणि कली हॅमनर यांनी घडवलं. तिघांतला एकही मेक्सिकन-अमेरिकन नाही. तरी सुपरहिरोंच्या जगातलं हे मला सर्वांत भरलेलं लॅटिनो घर वाटतं. टेक्सासमधलं एल पासो, अगदी सीमेवरचं शहर. वडील आल्बेर्तो गॅरेज चालवतात, आई बियांका नर्स, धाकटी बहीण मिलाग्रो. पाठीच्या कण्यात परग्रहावरचा भुंगा रुतून बसलेला, वर्षभर गायब असलेला हायमे घरी येतो आणि लगेच घरच्यांना सगळं दाखवून टाकतो. सुपरहिरोने घरच्यांपासून गुपित ठेवायचं ही प्रथाच इथे मोडली. त्यामुळे आईबाप, बहीण, मित्र प्रत्येक संकटात चर्चेला हजर असतात. त्याहून महत्त्वाचं म्हणजे शहरातली गुन्हेगारी चालवणारी ला दामा ही सुद्धा त्याच समाजातली, आणि हायमेच्या मैत्रिणीची मावशीच. नायक, खलनायिका, मित्र, डॉक्टर, सगळे एकाच गावचे असले की कोणा एकाला ‘मेक्सिकन कसे असतात’ हे सिद्ध करावं लागत नाही. २००८ चा २६ वा अंक लेखक जाय निट्झने जवळजवळ पूर्ण स्पॅनिशमध्ये लिहिला आणि इंग्रजी संहिता शेवटच्या पानांवर छापली. तो अंक मिळवाच, बलूनची मांडणी बघण्यासाठी तरी.

याच्या नेमकं उलट उदाहरण ग्रीन लँटर्न काइल रेनरचं. १९९४ मध्ये आलेलं पात्र. वडील मेक्सिकन-अमेरिकन होते हे बऱ्याच वर्षांनी उघड केलं गेलं. वडील घरात नव्हतेच, नातलग नाहीत, गल्ली नाही. वाचकाला आठवण करून द्यावी लागते की हा लॅटिनो आहे. मग ती आठवण कशी करून दिली जाते? २०२२ मध्ये डीसीने हिस्पॅनिक वारसा महिन्यासाठी खास मुखपृष्ठं काढली, त्यांत बऱ्याच नायकांच्या हातात खाद्यपदार्थ. काइलच्या हातात तमालेची पिशवी. मेक्सिकन चित्रकार होर्हे मोलिना याने आधी वेगळं चित्र काढलं होतं. होर्हे गोन्सालेस कामारेनाच्या ‘ला पात्रिया’ या, मेक्सिकोच्या मोफत शालेय पुस्तकांवर वर्षानुवर्षं छापल्या गेलेल्या चित्राला दिलेली ती मानवंदना होती. ती छापली गेली नाही, तमाले छापले गेले. दोन्ही चित्रं शेजारी ठेवून बघा. पहिल्यात प्रत्येक मेक्सिकन मुलाच्या दप्तरातली आठवण आहे. दुसऱ्यात जेवणाची पिशवी आहे.

रंगाबद्दल थोडं, कारण मी ते काम केलंय. मार्व्हलचा रोबेर्तो दा कोस्टा ऊर्फ सनस्पॉट, १९८२, लेखक ख्रिस क्लेअरमाँट, चित्रकार बॉब मॅक्लाउड. रिओ द जानेरो शहरातला मुलगा, वडील कृष्णवर्णीय ब्राझिलियन, आई गोरी. त्याच्या पहिल्याच प्रसंगात फुटबॉलच्या मैदानावर त्याला वर्णावरून डिवचलं जातं, म्हणजे रंग हा कथेचाच भाग. आणि तरी पुढच्या अंकांत तो उजळत गेला. कोणी बैठक घेऊन ठरवलं असेल असं मला वाटत नाही. कलरिस्ट बदलतो, मागच्या अंकातला रंगाचा नमुना पाठवला जात नाही, समोर मुदत असते, मग हात ‘सुरक्षित’ तपकिरीकडे जातो आणि प्रत्येक वेळी थोडा फिका होतो. २०२० च्या सिनेमात गोरा दिसणारा नट घेतल्यावर मॅक्लाउडने जाहीरपणे नापसंती व्यक्त केली. सनस्पॉटचे वेगवेगळ्या दशकांतले दहा चेहरे एका पानावर चिकटवा, तुमच्या प्रकल्पात त्याहून बोलकं काही नसेल.

आणखी काही नावं भरभर घेतो. रेनी मोंतोया, बॅटमॅनच्या गोथम शहरातली डॉमिनिकन वंशाची पोलीस अधिकारी: २००३ मधली ‘हाफ अ लाइफ’ ही ग्रेग रुका आणि मायकेल लार्क यांची कथा वाचा. तिचं समलिंगी असणं उघड होतं आणि कॅथलिक आईवडील दार बंद करतात. खलनायकापेक्षा ते दार जास्त लागतं. रॉबी रेयेस, २०१४ चा घोस्ट रायडर, पूर्व लॉस एंजेलिसचा मेकॅनिक, अपंग धाकट्या भावाला सांभाळणारा. त्याचा लेखक फेलिपे स्मिथ अर्जेंटिनी आईचा मुलगा. अमेरिका चावेझ २०११ मध्ये आली ती कुठल्याच देशातून नाही, एका काल्पनिक विश्वातून. म्हणून २०१७ मध्ये ब्राँक्सची पोर्तो रिकन लेखिका गॅबी रिवेरा हिने मालिका हाती घेतली तेव्हा तिने अमेरिकाला आधी काय दिलं असेल, तर आजी. मालिका बारा अंकांत बंद पडली, लिखाण विस्कळीत होतं हेही खरं, पण ती पहिली निवड अचूक होती.

मोठ्या कंपन्यांच्या बाहेर जास्त जिवंत काम चालतं. गस आरिओला याची ‘गोर्डो’ ही वृत्तपत्री चित्रपट्टी १९४१ ते १९८५ चालली. सुरुवातीला गोर्डो हा मोडकं इंग्रजी बोलणारा आळशी घेवडा-शेतकरी होता. आरिओलाने आपलंच चित्र सुधारत नेलं, गोर्डोला पर्यटकांची बस चालवायला दिली आणि पट्टीतून मेक्सिकोची कला, सण, लोककथा घरोघर नेल्या. २०१६ मध्ये एदगार्दो मिरांदा-रोद्रिगेझ याने ‘ला बोरिंकेन्या’ स्वतः प्रकाशित केली: ब्रुकलिनची पोर्तो रिकन विद्यार्थिनी, शिक्षण पर्यावरणशास्त्राचं, शक्ती बेटावरच्या मूळ ताइनो लोकांच्या दैवतांकडून. सप्टेंबर २०१७ च्या मारिया वादळानंतर त्याने बेटाच्या मदतीसाठी काढलेल्या संकलनात डीसीने आपले नायक दिले. सुपरमॅन तिथे पाहुणा होता, यजमान ती.

आपल्या बाजूने दोन गोष्टी तुम्हाला उपयोगी पडतील. मेक्सिकोत १९६५ ते १९९१ प्रचंड खपलेलं कॉमिक होतं ‘कालिमान’. पांढरा पोशाख, रत्नजडित फेटा, कालीमातेच्या वंशातला सातवा पुरुष, भारतात वाढलेला. भारतातलं कोणतं गाव, कोणती भाषा, काही नाही. आणि २००४ चा भारतीय स्पायडर-मॅन पवित्र प्रभाकर: मुंबईचा, धोतर नेसलेला, पीटर पार्करच्या नावावरून नाव बेतलेला. मुंबईत चाळीत किंवा लोकलमध्ये भेटलेल्या एकाही मुलाची तो आठवण करून देत नाही. भोवतीची माणसं नसली की पात्राचं काय होतं, हे या दोघांमुळे आपल्याला बाहेरून समजावून घ्यावं लागत नाही.

आता मोजण्याची पद्धत. पाच-सहा मालिका निवडा, प्रत्येकीचे सलग सहा अंक घ्या. प्रत्येक अंकात नायक सोडून दुसरी, नाव दिलेली दोन लॅटिनो पात्रं एकमेकांशी बोलतात अशा चौकटी मोजा. बोलणं नायकाविषयी आहे की त्यांच्या स्वतःच्या भानगडीविषयी, ते वेगळं नोंदवा. स्पॅनिश शब्द कोणाशी बोलताना आला ते लिहा. श्रेयनामावली बघताना फक्त लेखक-चित्रकार न बघता संपादक, कलरिस्ट, लेटररही बघा. नावावरून मात्र अंदाज बांधू नका. ब्राझीलचा देओदातो बोर्जेस फिल्यो ‘माइक देओदातो’ या नावाने आणि बेनेदितो नासिमेंतो ‘जो बेनेट’ या नावाने अमेरिकन वाचकांसमोर आला. उलट, मार्व्हलच्या मुख्य संपादकाच्या खुर्चीत २००० ते २०११ क्यूबन वंशाचा जो केसाडा आणि त्यानंतर २०१७ पर्यंत मेक्सिकन पित्याचा मुलगा अॅक्सेल अलोन्सो होता, हे बहुतेकांच्या लक्षातही नसतं. सैद्धांतिक आधार हवा असेल तर फ्रेडरिक लुइस अल्डामा यांचं मुख्य प्रवाहातल्या लॅटिनो सुपरहिरोंवरचं २०१७ चं पुस्तक घ्या, त्याला आयझनर हा कॉमिक्सक्षेत्रातला मोठा पुरस्कार आहे. पण ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवा. आधी पालोमारच्या कथांचा पहिला खंड आणि ब्लू बीटलचे पहिले बारा अंक समोरासमोर वाचा. मोजायला लागलात की तक्ता पाठवा, मी बलूनच्या बाजूने तपासून देईन.